साखळी वळेना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातले सात महिने मी एका लांब साखळीसारख्या रेणूची, म्हणजे पॉलिमरची, घडी पडायची वाट बघण्यात घालवले. कागदावर ही साखळी फार गुणी होती. क्लोरोफॉर्म या द्रावकात सैल सुतासारखं पडून राहायचं आणि ॲसिटोनायट्राइल हे दुसरं द्रावक मिसळत गेलं की मळसूत्रासारखं स्वतःभोवती गुंडाळायचं, एवढंच तिचं काम. माझी साखळी वळायला तयार नव्हती. धड सरळही राहत नव्हती, हे आणखी वाईट.

कॉन्ज्युगेटेड पॉलिमर म्हटलं की बहुतेकांना वीज वाहून नेणारं प्लास्टिक आठवतं. ते बरोबरच आहे. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना त्यासाठीच मिळालं. साखळीत एकेरी आणि बहुबंध आलटून पालटून असले की इलेक्ट्रॉन एका जागी बसत नाहीत, पसरतात, आणि मग रंग, चकाकी, वीजवहन हे सगळं मागोमाग येतं. मला मात्र ओढ होती ती आकाराची. प्रथिनं घडी घालतात हे आपण शाळेपासून ऐकतो. पण ज्या साखळीत ॲमिनो आम्ल नाही, जीवसृष्टीशी जिचा काही संबंध नाही, तीही स्वतःहून ठरावीक आकार घेऊ शकते, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्क खोटं वाटलं होतं. अशा रेणूंना फोल्डामर म्हणतात. सॅम्युअल गेलमन यांनी हा शब्द रूढ केला.

माझी साखळी होती मेटा-फिनिलीन इथायनिलीनची. नाव लांबलचक, पण बांधणी सोपी: बेंझिनचं वलय, मग तिहेरी बंध, मग वलय, मग तिहेरी बंध. तिहेरी बंध काठीसारखा सरळ असतो, तो वाकत नाही. वळण येतं ते वलयावर काठ्या कुठे ठोकल्या आहेत त्यावरून. समोरासमोरच्या, म्हणजे पॅरा जागांवर ठोकल्या तर बांबू तयार होतो. त्याला काय वळवणार? अगदी शेजारच्या ऑर्थो जागांवर ठोकल्या तर तीन वलयांतच एक फेरा पुरा होतो. मधल्या मेटा जागांवर ठोकल्या तर कोन पडतो १२० अंशांचा, आणि सहा वलयांचा एक फेरा होतो. फेऱ्यावर फेरा चढला की मधोमध एक पोकळ नळी तयार होते, जेमतेम नॅनोमीटरभर रुंद.

यात एक गोम आहे, ती आधीच सांगून टाकते. मेटा जोडणीतून इलेक्ट्रॉन नीट पुढे सरकत नाहीत. त्यामुळे साखळी कितीही लांबवली तरी तिचं प्रकाशाचं शोषण फारसं तांबड्या रंगाकडे सरकत नाही. म्हणजे वळणारी साखळी हवी असेल तर कॉन्ज्युगेशनवर पाणी सोडावं लागतं. आमच्या लॅबमधले पॉलिथायोफीनवाले, म्हणजे वीजवाहक पॉलिमरवर काम करणारे, मला 'नावापुरती कॉन्ज्युगेटेड' म्हणून चिडवायचे. त्यात तथ्य होतं.

ती वळते का, याचं उत्तर १९९७ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या नेल्सन, सेव्हन, मूर आणि वॉलिन्स यांच्या निबंधात आहे. वलयांचा कणा क्लोरोफॉर्ममध्ये सुखात असतो. ॲसिटोनायट्राइलशी त्याचं पटत नाही. तिथे प्रत्येक वलयाला द्रावकापासून लपायला आडोसा हवा असतो, आणि सगळ्यात जवळचा आडोसा म्हणजे आपलीच सहा घरं पलीकडची वलयं. मग ती एकावर एक चढतात, साधारण ०.३५ नॅनोमीटर अंतर ठेवून. पण कण्याला नकोसं झालेलं द्रावक पूर्ण साखळीलाच नकोसं झालं तर ती सरळ तळाला बसेल. म्हणून प्रत्येक वलयाला ट्रायइथिलीन ग्लायकॉलची एकेक शेपटी एस्टर बंधाने लावायची. शेपट्या ॲसिटोनायट्राइलमध्ये मजेत राहतात आणि साखळीला तरंगतं ठेवतात.

तर मला दोन मोनोमर, म्हणजे साखळीचे सुटे घटक, हवे होते. एकाच्या वलयावर दोन आयोडीन, दुसऱ्याच्या वलयावर दोन अल्काइन, म्हणजे तिहेरी बंधाची मोकळी टोकं, आणि दोघांनाही तीच शेपटी. आयोडीनवाला झटपट झाला. त्यातल्याच थोड्यावर ट्रायमिथिलसिलिल ॲसिटिलीन लावून, मग सिलिल टोपी (अल्काइनचं टोक तात्पुरतं झाकणारा सिलिकॉनचा गट) काढून दुसरा करायचा होता. टोपी काढायची सगळ्यांची सवयीची पद्धत म्हणजे मिथेनॉल आणि पोटॅशियम कार्बोनेट. मीही तेच केलं. टीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर, एकच सुंदर स्पॉट, आधीच्यापेक्षा बराच वर. शुद्धीकरणाच्या सिलिका भरलेल्या नळीतून, कॉलममधूनही भराभर उतरला. चार ग्रॅम माल एका दुपारी शुद्ध झाला म्हणून मी खुशीत एनएमआरला गेले, म्हणजे रेणूत कोणते अणू कुठे आहेत ते दाखवणाऱ्या यंत्राकडे.

सिलिलचं ०.२५ पीपीएमच्या आसपासचं पीक गेलं होतं. ३.१ जवळ अल्काइनचा प्रोटॉन आला होता. आणि ३.९ पाशी तीन प्रोटॉनचं एक टोकदार पीक उभं होतं, ज्याला तिथे असायचं काही कारण नव्हतं. ग्लायकॉलची पिकं मात्र गायब. मिथेनॉल आणि बेस एकत्र आल्यावर एस्टर कोणता धरून ठेवणार? शेपटी सोडून त्याने मिथिल धरलं होतं. स्पॉट एवढा वर का गेला, कॉलम एवढा सोपा का झाला, हे तेव्हा कळलं. शेपट्याच धुऊन गेल्या होत्या. पुढच्या वेळी टोपी काढायला टीएचएफ या द्रावकात टेट्राब्युटिल अमोनियम फ्लोराइड वापरलं, बर्फात, दहा मिनिटं, आणि लगेच गाळून घेतलं. कोणी मला आता विचारलं की एस्टर असलेल्या रेणूवरची सिलिल टोपी कशी काढू, तर मी पहिल्यांदा त्या एस्टरवर काय बसलंय हे विचारते.

आता जोडणी. तिचं नाव सोनोगाशिरा अभिक्रिया. १९७५ मध्ये सोनोगाशिरा, तोहडा आणि हागिहारा यांनी ती मांडली. पॅलेडियम आयोडीनच्या बंधात शिरतं, तांबं अल्काइनचं टोक आणून पॅलेडियमच्या हाती देतं, दोन्ही कार्बन एकमेकांना धरतात आणि पॅलेडियम मोकळं होऊन पुढच्या कामाला लागतं. पॅलेडियमच्या जोडण्यांसाठी २०१० चं नोबेल हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना मिळालं. सोनोगाशिरांचं नाव त्यात नव्हतं. एकाच वर्षात तिघांपेक्षा जास्त जणांना ते देता येत नाही हे माहीत असूनही, ज्यांची रोजीरोटी या अभिक्रियेवर चालते अशा आम्हा लोकांना ते अजून खटकतं.

साध्या सेंद्रिय रसायनशास्त्रात ९५ टक्के उतारा आला की लोक पेढे वाटतात. पॉलिमरमध्ये तो आला की डोकं धरून बसायची वेळ येते. कॅरोदर्सचं समीकरण निष्ठुर आहे. दोन्ही मोनोमर अगदी सम प्रमाणात असले आणि ९५ टक्के टोकं जुळली, तर साखळीत सरासरी २० घटक भरतात. ९८ टक्क्यांना ५०, ९९ टक्क्यांना १००. शिवाय प्रमाण चुकलं तर वेगळा दंड: एक बाजू ५ टक्क्यांनी कमी पडली, तर सगळी टोकं संपेपर्यंत अभिक्रिया चालवली तरी लांबी ३९ च्या वर जात नाही. माझा आयोडीनवाला मोनोमर ५२०.१ वजनाचा, अल्काइनवाला ३१६.३ चा. एक मिलिमोलसाठी अल्काइनवाला ३१६ मिलिग्रॅम घ्यायचा, म्हणजे तीन मिलिग्रॅम इकडे तिकडे झाले की एक टक्का गेला. आणि तो मोनोमर होता काकवीसारखा दाट. त्यात इथिल ॲसिटेट अडकून बसायचं. दोन रात्री व्हॅक्यूम पंपावर ठेवूनही एनएमआरमध्ये त्याची खूण दिसत राहायची. शेवटी मी वजनावर विश्वास ठेवणं सोडलं आणि एनएमआरमध्ये मोजमापाचा पदार्थ घालून नेमका किती मोनोमर आहे ते काढलं.

पहिलं पॉलिमरीकरण एका शुक्रवारी लावलं. या खेपेला पुढे आम्ही 'अ' म्हणू लागलो. पॅलेडियमचा क्लोराइडवाला पिवळा उत्प्रेरक, कॉपर आयोडाइड, डायआयसोप्रोपिल अमाइन, टीएचएफ. ऑक्सिजन काढायला द्रावणातून सुईने नायट्रोजन सोडला, पंधरा मिनिटं असेल. रबरी बूच जुनंच होतं, त्याला आधीची भोकं होती. तेव्हा हे काही मी वहीत लिहिलं नाही, आठवून सांगते आहे. अर्ध्या तासात द्रावण गढूळ झालं आणि पांढरा साका धरू लागला. तो अमाइनचा आयोडाइड क्षार. तो दिसला की समजायचं, गाडी चालू आहे. सोमवारी फ्लास्कमधला माल मधासारखा दाट झाला होता आणि चुंबकी कांडी कशीबशी फिरत होती.

जीपीसीचा, म्हणजे साखळ्यांची लांबी मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख आला. पॉलिस्टायरीनच्या मापाने सरासरी वजन बारा हजारांच्या वर, पसारा, म्हणजे लांब-आखूड साखळ्यांतली तफावत, दोनच्या आसपास. एका घटकाचं वजन २९० धरलं तर चाळीसेक वलयं झाली. खाली शेवटाला एक छोटं टोकदार पीक होतं. सहा घटकांचं बंद वर्तुळ असावं ते. मेटा साखळीची टोकं सहाव्या घराला समोरासमोर येतात, तेव्हा अशी वर्तुळं होणारच. एकदा गाळून विरुद्ध द्रावकात साका पाडला की ती बरीचशी निघून जातात. चाळीस वलयं म्हणजे साडेसहा फेरे. मला वाटलं, झालं काम.

घडी बघायची पद्धत अशी. एकाच तीव्रतेची दोन द्रावणं करायची, एक क्लोरोफॉर्ममध्ये, एक ॲसिटोनायट्राइलमध्ये. ती वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायची, म्हणजे पॉलिमरची तीव्रता तीच राहते आणि फक्त द्रावक बदलतं. मग प्रत्येकाचा यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या शोषणाचा आलेख, घ्यायचा. सैल साखळीत ३०३ नॅनोमीटरजवळ एक शिखर असतं आणि २८९ जवळ दुसरं. साखळी वळताना शेजारची वलयं एकाच अंगाला तोंड करून बसतात आणि ३०३ चं शिखर खाली येतं. या दोन शिखरांचं गुणोत्तर ॲसिटोनायट्राइलच्या टक्केवारीसमोर मांडलं की इंग्रजी एस अक्षरासारखी वक्ररेषा मिळायला हवी: आधी सपाट, मग उतार, मग पुन्हा सपाट. तो उतार जितका तीव्र, तितकं वळणं एकदिलाने झालं असं समजायचं. प्रथिनांवर काम करणारे युरिया टाकून प्रथिन उलगडतात. आमचा युरिया म्हणजे क्लोरोफॉर्म.

माझ्या 'अ' चा आलेख म्हणजे घसरगुंडी होती. कुठे सपाटी नाही, कुठे उतार नाही, सरळ तिरकी रेघ, आणि शेवटी शुद्ध ॲसिटोनायट्राइलमध्येसुद्धा ३०३ चं शिखर बऱ्यापैकी उभंच. फ्लुरोसन्स, म्हणजे शोषलेला प्रकाश रेणू परत टाकतो ती चमक, घेतला तर तिथे आणखी गोंधळ. सैल साखळी ३५० नॅनोमीटरच्या जवळ चमकते. घडी पडली की चढलेली वलयं मिळून ४२० च्या आसपास एक रुंद डोंगर देतात. माझ्याकडे दोन्ही होते, शेजारी शेजारी, जणू एका फ्लास्कमध्ये दोन वेगळे पदार्थ राहत होते.

यानंतरचे दोन महिने मी चुकीच्या माणसांना पकडत होते. आधी क्यूवेट, म्हणजे द्रावण मोजायची पारदर्शक डबी. काचेचं क्यूवेट ३०० च्या खाली काही दिसू देत नाही, पण माझं क्वार्ट्झचंच होतं. मग द्रावक. क्लोरोफॉर्ममध्ये आम्लाचा अंश असतो, तो बेसवरून गाळला. ॲसिटोनायट्राइल नव्या बाटलीतलं घेतलं. मग वाटलं, साखळ्या एकमेकींना चिकटत असतील. दहापट विरळ करून पाहिलं, आलेखाचा आकार तोच. म्हणजे जे काही होतं ते एकेका साखळीच्या आतच होतं. मग मी द्रावण रात्रभर ठेवून सकाळी मोजलं, की वळायला वेळ लागत असेल. हे माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. हे रेणू मायक्रोसेकंदाच्या आतबाहेर वळतात, आणि मी त्यांना बारा तासांची सुट्टी दिली होती.

मॅडमनी हसून झाल्यावर एक प्रश्न विचारला. "तुझी जीपीसी साखळी किती लांब आहे ते सांगते. जोड कोणते आहेत ते तिला कुठून कळणार?"

मी म्हटलं, "मॅडम, जोड एकच प्रकारचा होऊ शकतो ना? आयोडीन आणि अल्काइन."

"दोन अल्काइन एकमेकांना धरत नाहीत?"

धरतात. ते १८६९ पासून माहीत आहे. ग्लेसर जोडणी म्हणतात. तांबं आणि ऑक्सिजन मिळाले की दोन अल्काइन टोकं थेट जुळतात आणि एकाऐवजी दोन तिहेरी बंध पाठोपाठ येतात, डायाइन. आणि तांबं तर मी स्वतःच्या हाताने टाकलं होतं. ऑक्सिजन जुन्या बुचातून येत होता. शिवाय आणखी एक चोर होता, तो मला पुस्तकात नंतर सापडला. क्लोराइडवालं पॅलेडियम दोन धन अवस्थेत असतं. कामाला लागायला त्याला आधी शून्यावर यावं लागतं, आणि त्यासाठी ते दोन अल्काइन टोकं जुळवून खर्च करतं. मी डायअल्काइन मोनोमरच्या दोन टक्के उत्प्रेरक टाकला होता. म्हणजे ऑक्सिजनचा एक रेणूही आत आला नसता, तरी दोन टक्के टोकं अशीच गेली असती.

यातला फसवा भाग असा की डायाइन जोडाने साखळी तुटत नाही. उलट ती लांबतेच. जीपीसीला सगळं छान दिसतं. पण त्या जागी काठी दुप्पट लांब होते. मळसूत्रात पहिल्या वलयावर सातवं वलय नेमकं बसायला हवं, तिथे पायरी चुकते आणि फेरा दुसऱ्या फेऱ्यावर चढायच्या ऐवजी बाजूला सरकतो. लहान साखळ्यांचे प्रयोग सांगतात की घडी दिसायला आठाहून जास्त वलयं लागतात. माझ्या साखळीत दर दहा-बारा जोडांमागे एक डायाइन असेल, तर मधले बरेच तुकडे या सीमेच्या अलीकडे पलीकडेच राहणार. काही तुकडे वळणार, काही नाही. दोन शेजारचे डोंगर, एक ३५० ला आणि एक ४२० ला, ते हेच होते.

अंदाज बरोबर असला तरी पुरावा हवा. कार्बनचं एनएमआर पुन्हा काढलं, या वेळी रात्रभर लावून. साध्या तिहेरी बंधाचे कार्बन ९० पीपीएमच्या जरा खाली येतात. डायाइनचे येतात ७५ आणि ८१ जवळ, म्हणजे क्लोरोफॉर्मच्या ७७ च्या त्रिकुटाच्या अगदी कुशीत. तिथे दोन लहान पिकं होती. पहिल्या वेळच्या आलेखातही ती होती, मी त्यांना गोंगाट समजून सोडून दिलं होतं. ८१ चं पीक शिल्लक राहिलेल्या अल्काइन टोकाचंही असू शकतं, म्हणून माझी मदार ७५ वर होती. खात्री करायला मी एक अल्काइन टोक असलेला साधा एस्टर घेतला, तांबं आणि उघडी हवा देऊन मुद्दाम त्याचं डायाइन केलं. त्याचं पीक माझ्या पिकावर नेमकं बसलं. त्याच्या यूव्हीत ३३० च्या जवळ एक खांदा होता, आणि 'अ' च्या यूव्हीतही तिथेच एक हलका उंचवटा होता, ज्याला मी बेसलाइन हलली असं म्हणत आले होते. एवढे सगळे साक्षीदार पहिल्या दिवसापासून समोर उभे होते.

'ब' खेपेला मी सगळं बदललं. पॅलेडियम आधीच शून्य अवस्थेतलं घेतलं, चार फॉस्फीनवालं. ते हवेत खराब होतं, पिवळ्याचं हिरवट तपकिरी होतं, म्हणून ताजी बाटली फोडली. बूच नवं. अमाइन ऊर्ध्वपातन करून घेतलं. आणि नायट्रोजनचे बुडबुडे सोडून देऊन फ्रीझ-पंप-थॉ केलं: द्रव नायट्रोजनमध्ये द्रावण गोठवायचं, व्हॅक्यूम लावायचा, झडप बंद करायची, वितळू द्यायचं, आत कोंडलेले बुडबुडे वर येताना बघायचे, पुन्हा गोठवायचं. पहिल्या फेरीत बुडबुडे धावत येतात, दुसऱ्यात चुकार, चौथ्यात नाहीतच. एक सूचना, कारण आमच्याकडे एकाने ही चूक करता करता थांबवली: द्रव नायट्रोजनमध्ये बुडालेल्या फ्लास्कची झडप हवेला उघडी ठेवू नये. आत निळसर द्रव ऑक्सिजन जमू शकतो, आणि सेंद्रिय द्रावकासोबत तो म्हणजे स्फोटाला आमंत्रण. तांबं मी शेवटी टाकलं, नायट्रोजनच्या उलट प्रवाहात, चिमूटभर. चिमूट म्हणजे खरंच चिमूट, आधीच्या निम्म्याहून कमी.

सोमवारी फ्लास्क उघडला तेव्हा कांडी आरामात फिरत होती. माल 'अ' पेक्षा पातळ. जीपीसीने सांगितलं, वजन जेमतेम नऊ हजार. म्हणजे तिसेक वलयं. खरं सांगायचं तर मी निराश झाले. एवढी यातायात करून साखळी आखूडच झाली. बहुधा वजनात कुठेतरी एखादा टक्का चुकला होता. मी मॅडमना आलेख दाखवला आणि पुन्हा करते म्हटलं.

"आधी वळते का बघ," त्या म्हणाल्या.

वळली. क्लोरोफॉर्ममधून ॲसिटोनायट्राइलकडे जाताना सुरुवातीला काही हललं नाही. मग मधल्या टप्प्यात ३०३ चं शिखर बसत गेलं, आणि पुढे पुन्हा सपाटी. फ्लुरोसन्समध्ये ३५० चा डोंगर वितळून ४२० चा उभा राहिला. कार्बन एनएमआर पुन्हा रात्रभर लावला. ७५ ला सपाट बेसलाइन. आखूड साखळी लांब साखळीपेक्षा नीट वळली होती, आणि जीपीसीच्या कागदावर 'अ' अजूनही दोघींतली चांगली दिसत होती. तो कागद मी पहिल्या प्रगती अहवालात लावला होता, हे आठवलं की अजून कान तापतात.

तरी 'ब' ची वक्ररेषा काही अगदी तीव्र नव्हती. कारण उघड होतं: पॉलिमरात आठ वलयांच्याही साखळ्या असतात आणि साठच्याही, आणि प्रत्येकीचा वळण्याचा टप्पा वेगळा. खरी घडी बघायची तर एकाच लांबीची साखळी हवी. ती पायरीपायरीने बांधावी लागते. एका टोकाच्या अल्काइनवर सिलिलची टोपी, दुसऱ्या टोकाच्या आयोडीनच्या जागी तात्पुरता ट्रायॲझीन (तीन नायट्रोजनचा) गट. त्यातल्या काहींची टोपी काढायची. काहींचं ट्रायॲझीन मिथिल आयोडाइडसोबत बंद नळीत ११० अंशांना तापवून आयोडीन करायचं. मग दोघांना जोडायचं. दोनाचे चार, चाराचे आठ. लांबी दर वेळी दुप्पट, आणि माल दर वेळी निम्म्याहून कमी. मला बारा हवे होते, म्हणून आठ आणि चार जोडले. मिथिल आयोडाइड हा घातक पदार्थ आहे. ती नळी वाफा ओढून घेणाऱ्या हुडमध्ये थंड करून उघडतानाचा तो क्षण मला कधीच अंगवळणी पडला नाही.

बारा वलयांची साखळी उरलेल्या आठपासून वेगळी करणं हा या सगळ्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग. शेपट्यांमुळे सगळेच रेणू सिलिकाला सारखेच चिकटतात. तीन कॉलम केले. शेवटी हाती राहिले अकरा मिलिग्रॅम, मास स्पेक्ट्रममध्ये साडेतीन हजारांच्या वर एकच पीक. अकरा मिलिग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण मायक्रोमोलर द्रावणांच्या हिशेबात ते वर्षभर पुरतील इतके होते.

त्याची वक्ररेषा 'ब' पेक्षा टोकदार आली. चार वलयांचा तुकडा ताडून पाहायला शेजारी मोजला, तो कुठल्याच द्रावकात हलला नाही. त्याच्याकडे चढायला दुसरा फेराच नव्हता. आठवाला सीमेवर घुटमळला, किंचित झुकला, पण वळला म्हणावं असं काही नाही. चौघांच्या रेषा एका कागदावर काढल्या तेव्हा मला पाचवी, 'अ' ची, त्यात टाकायचा धीर होत नव्हता. मॅडमनी ती टाकायला लावली. आठवाल्याची आणि 'अ' ची रेष बऱ्याच अंतरापर्यंत हातात हात घालून चालतात. चाळीस वलयांची साखळी आठ वलयांच्या तुकड्यासारखी वागत होती, कारण मनाने ती तुकड्यांचीच होती.

त्या संध्याकाळी सगळी द्रावणं ॲसिटोनायट्राइलमध्ये क्वार्ट्झच्या क्यूवेटमध्ये ओतून, चष्मा लावून, दिवे मालवून यूव्ही दिव्याखाली ठेवली. सैल साखळीची ३५० ची चमक डोळ्याला दिसतच नाही, ती यूव्हीतच राहते. त्यामुळे चारवाला काळाच. बारावाला निळा उजळला, 'ब' त्याच्या खालोखाल. 'अ' मध्ये फिकट निळी झाक होती, राखेखाली निखारा असावा तशी. ती बाटली मी टाकली नाही. नवीन मुलं डीगॅसिंगच्या, म्हणजे ऑक्सिजन काढायच्या, चौथ्या फेरीला कंटाळली की तिला फ्रीजमधून बाहेर काढतो.